आधी अंदाज, मग प्रयोग: नववी-दहावीच्या रसायनशास्त्रात मुलांचा रस कसा जागवावा आणि टिकवावा

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात लोखंडी खिळा टाकला की थोड्या वेळाने त्यावर तांबूस थर चढतो. बहुतेक शाळांत हा प्रयोग शिक्षकांच्या टेबलावर होतो. पहिल्या दोन बाकांना तो दिसतो, उरलेला वर्ग ‘खिळ्यावर तांब्याचा थर जमा झाला’ हे वाक्य फळ्यावरून वहीत उतरवतो. यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे खिळे आणि द्रावण मुलांच्या हातात देणे. पण तेवढ्याने फार फरक पडत नाही. काय होणार हे पुस्तकात आधीच छापलेले असते, त्यामुळे मुले कृती करतात, छापील निरीक्षण लिहितात आणि घंटा वाजण्याची वाट पाहतात. हात कामाला लागले तरी डोके रिकामेच राहते.

रस दोन प्रकारचा असतो. धूर, ठिणग्या, रंगबदल यांनी जागणारी उत्सुकता क्षणभराची असते. विषयाकडे आपण होऊन परत यावेसे वाटणे ही वेगळी गोष्ट. सूझन हिडी आणि अ‍ॅन रेनिंगर यांनी २००६ मध्ये या वाटचालीचे चार टप्पे मांडले. पहिले दोन प्रसंगातून जागणाऱ्या आणि टिकणाऱ्या रसाचे आहेत, पुढचे दोन मुलाच्या स्वतःच्या, हळूहळू पक्क्या होणाऱ्या रसाचे. शाळेतले बहुतेक ‘रंजक’ विज्ञान पहिल्या टप्प्यावरच अडकते. पुढे सरकायला मुलाचे स्वतःचे काहीतरी पणाला लागावे लागते. वर्गात त्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे प्रयोगाआधी लेखी अंदाज घेणे. अंदाज, निरीक्षण, स्पष्टीकरण असा क्रम असलेली ही पद्धत रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टोन यांच्या १९९२ मधील मांडणीमुळे सर्वत्र पोचली.

३५ मिनिटांचा तास कसा बसवावा

पहिली ३ मिनिटे: साहित्य दाखवा, काय करणार ते सांगा, काय होईल ते सांगू नका. पुस्तके बंद.

पुढची ५ मिनिटे: प्रत्येकाने वहीत अंदाज आणि ‘कारण’ लिहायचे, एकट्याने आणि पेनाने. पेन्सिल दिली की निकाल दिसताच खोडरबर बाहेर येतो. कारणाशिवाय अंदाज घेऊ नका, तो नुसता काटा-छापा ठरतो.

मग १० ते १२ मिनिटे प्रयोग. नंतर ८ मिनिटे गटात स्पष्टीकरण: अंदाज आणि निरीक्षण जुळले का, नसेल तर कशामुळे. शेवटची ७ मिनिटे तुमची, त्यात शास्त्रीय संज्ञा आणि समीकरण द्या. संज्ञा शेवटी येते हे महत्त्वाचे. ‘विस्थापन अभिक्रिया’ हा शब्द आधी दिला तर मुले तो शब्दच उत्तर म्हणून लिहितात.

दोन ठिकाणी ही घडी हमखास मोडते. चुकीचा अंदाज वाचताना वर्ग हसतो आणि पुढच्या वेळी कोणी मनातले लिहीत नाही. म्हणून अंदाज नावानिशी वाचू नका, हात वर करायला लावून प्रत्येक पर्यायाची संख्या फळ्यावर लिहा. दुसरी चूक म्हणजे वेळ संपत आला की स्पष्टीकरणाची ८ मिनिटे कापणे. कापायचेच असेल तर प्रयोग कापा, चार गटांऐवजी एकदाच टेबलावर करा. स्पष्टीकरणाविना प्रयोग म्हणजे पाककृती. शिवाय परीक्षेत ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नाला लागते ती सवय याच ८ मिनिटांत लागते. ‘यात अभ्यासक्रम मागे पडतो’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना एवढे उत्तर पुरते.

असा प्रयोग निवडा जिथे हुशार मूलही चुकेल

खिळा आणि मोरचूद यांचा निकाल सगळ्यांना पाठ असतो. त्याऐवजी अ‍ॅल्युमिनिअम घ्या.

५ ग्रॅम मोरचूद १०० मिली पाण्यात विरघळवा. छोट्या चंचुपात्रात किंवा काचेच्या पेल्यात २० मिली द्रावण घ्या. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा साधारण ४ × ५ सेंमीचा तुकडा सैलसर चुरगळून त्यात बुडवा. ज्या मुलांना क्रियाशीलता श्रेणी, म्हणजे जास्त क्रियाशील धातू वर असलेला क्रम, येते ती ठामपणे लिहितात: अ‍ॅल्युमिनिअम तांब्याच्या वर आहे, म्हणून तांबे बाहेर पडेल. तीन मिनिटे वाट पाहा. जवळपास काहीच होत नाही, आणि वर्गात पहिल्यांदा हुशार मुलांचे चेहरे गोंधळतात. आता अर्धा चहाचा चमचा मीठ घालून ढवळा. थोड्याच वेळात फॉइलवर लालसर तपकिरी गाळ दिसू लागतो, बुडबुडे येतात, भांडे कोमट होते, फॉइलला भोके पडून तिचे तुकडे होतात. द्रावण किंचित हिरवट झाले तर घाबरू नका, क्लोराइडमुळे तसे होते.

‘मिठाची अभिक्रिया झाली’ हे पहिले स्पष्टीकरण येणारच. ते खोडू नका, तपासायला लावा. एका गटाला फॉइल नुसत्या मिठाच्या पाण्यात टाकू द्या. काही होत नाही. दुसऱ्या गटाला मोरचुदाच्या द्रावणात मिठाऐवजी एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, घालू द्या. तिथेही फॉइल तशीच राहते. म्हणजे कोणताही क्षार चालत नाही, मिठातल्या क्लोराइडचे काहीतरी वेगळे काम आहे. इथे तुम्ही सांगायचे ते एवढेच: अ‍ॅल्युमिनिअमवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर असतो. तो धातूला झाकून ठेवतो आणि क्लोराइड आयन त्याला छिद्रे पाडतात. मग ‘धातुविज्ञान’ पाठातले धनाग्रीकरण आपोआप कळते, कारण तिथे हाच थर मुद्दाम जाड केलेला असतो. लोणचे किंवा आमटी अ‍ॅल्युमिनिअमच्या पातेल्यात रात्रभर ठेवू नये, असे आजी का म्हणते, हेही मुले न सांगता जोडतात.

काळजी: बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून जवळ ज्योत नको आणि भांड्यावर झाकण नको. मोरचूद पोटात जाणे घातक आहे. डबे, बाटल्या, पाण्याचे पेले टेबलावर नकोत आणि शेवटी हात साबणाने धुवायचे. उरलेले निळे द्रावण बेसिनमध्ये किंवा बागेत ओतू नका. बादलीत जुने खिळे किंवा लोखंडी तारेचा घासणीचा गोळा टाकून एकदोन दिवस ठेवा. निळा रंग गेला की तांबे गाळात बसलेले असते. गाळ वेगळा साठवा, वरचे पाणी भरपूर पाणी घालून सोडा. ‘रंग का गेला?’ हा पुढच्या तासाचा फुकटचा प्रश्न झाला.

साहित्य नाही, ही अडचण थेंबांवर सुटते

साठ मुलांच्या वर्गात परीक्षानळ्या पुरत नाहीत हे खरे आहे, पण त्या लागतातच असे नाही. औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे गोळा करायला सांगा. पारदर्शक प्लास्टिकचे खळगे असलेलीच घ्या. दोन्ही बाजूंनी चंदेरी असलेल्या पाकिटात खळगाही अ‍ॅल्युमिनिअमचा असतो आणि अंदाजापेक्षा वेगळाच निकाल येतो. पाकिटे साबणाने धुऊन वाळवा. एका खळग्यात ५ ते १० थेंब मावतात. साध्या ड्रॉपरने १ मिलीत साधारण २० थेंब पडतात, म्हणजे १०० मिली द्रावणात २००० थेंब. बारा गटांना प्रत्येकी ४० थेंब दिले तरी ४८० थेंब लागतात. पाच ग्रॅम मोरचूद वर्गाच्या चार तुकड्यांना पुरते. सांडले तरी थेंबच सांडतो, हा सुरक्षेचा फायदा वेगळाच.

लहान प्रमाणात एक खोट आहे: उष्णतेतला बदल हाताला जाणवत नाही. उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी, अभिक्रिया दाखवायची असेल तर भांडे मोठेच घ्या.

खिळ्याचाच प्रयोग करायचा झाला तर दोन गोष्टी तपासा. खिळ्याला तेल असते, ते सँडपेपरने घासून काढा. आणि चकचकीत पांढरट खिळे टाळा. त्यांवर जस्ताचा मुलामा असतो, त्यामुळे आधी काळपट थर येतो आणि मुले ‘लोखंड काळे पडते’ असे लिहून मोकळी होतात.

फुग्याचा प्रयोग: मोल ही संकल्पना हाताला लागते

नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठात मुले सर्वाधिक कंटाळतात, कारण सगळे आकडे कागदावरच असतात. हा प्रयोग त्यावरचा सगळ्यात चांगला उतारा आहे.

सारख्या मापाच्या सहा बाटल्या घ्या. प्रत्येकीत ४ टक्के आम्लता छापलेले व्हिनेगर ३० मिली. सहा फुग्यांत कागदी नरसाळ्याने खाण्याचा सोडा भरा: ०.५, १, १.५, २, ३ आणि ४ ग्रॅम. फुगा बाटलीच्या तोंडावर बसवा आणि एकदम उभा करून सोडा आत पाडा. त्याआधी प्रश्न द्या: ‘दीड ग्रॅमला फुगा एवढा फुगला तर तीन ग्रॅमला केवढा फुगेल?’ बहुतेक वर्ग ‘दुप्पट’ म्हणतो.

दोन ग्रॅमपासून पुढचे फुगे जवळपास सारखेच राहतात. हिशोब असा: ३० मिली व्हिनेगरमध्ये सुमारे १.२ ग्रॅम अ‍ॅसेटिक आम्ल. त्याचे रेणुवस्तुमान ६०, म्हणजे ०.०२ मोल. सोड्याचे रेणुवस्तुमान ८४, म्हणून ०.०२ मोलसाठी १.६८ ग्रॅम पुरतो. पुढचा सोडा अभिक्रिया न होता तसाच उरतो, कारण आम्ल संपलेले असते. गॅस खोलीच्या तापमानाला अर्ध्या लिटरच्या आसपास निघतो. फुग्याचा घेर दोऱ्याने मोजून सोड्याच्या वजनाविरुद्ध आलेख काढायला लावा. वर चढणारी आणि मग सपाट होणारी रेषा मुलांनी स्वतः काढलेली असेल, तर ‘आधी कोण संपते’ हा विचार नंतर विसरत नाही.

इथे चुका पुष्कळ होतात. नवा फुगा ताठ असतो, तो आधी दोनतीनदा तोंडाने फुगवून सैल करा. नाहीतर अर्ध्या ग्रॅमचा फुगा उभाच राहत नाही. सोडा फुग्याच्या मानेला चिकटतो, म्हणून टिचकी मारून झटका आणि बाटली हलवा. दुकानातून बेकिंग पावडर आली तर सगळा प्रयोग फसतो, तिच्यात आम्ल आधीच मिसळलेले असते. सोडा चमच्याने मोजू नका. सपाट चहाचा चमचा साडेचार ते पाच ग्रॅमचा भरतो आणि शीग लागली की आणखी. तराजू एकच असेल तर सोड्याच्या पुड्या आदल्या दिवशी करून ठेवा. फुग्याऐवजी बाटलीला बूच कधीही लावू देऊ नका.

हळद: घरातला दर्शक आणि त्याचा लबाडपणा

एक चमचा हळद ५० मिली स्पिरिटमध्ये ढवळून गाळा. त्यात गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. पाणी वापरले तर रंग फिका येतो, कारण हळदीचा रंगद्रव्याचा भाग पाण्यात फारसा विरघळत नाही. स्पिरिट पेट घेते, म्हणून पट्ट्या करताना बर्नर बंद.

धुण्याचा सोडा, साबण आणि पानाचा चुना यांनी पट्टी लालसर तपकिरी होते. हळद आणि चुन्यापासून कुंकू होते हे ऐकून असलेली मुले इथे आपण होऊन बोलतात, त्यांना बोलू द्या. लिंबू आणि साधे पाणी दोन्हींत पट्टी पिवळीच राहते, म्हणजे हळद आम्ल ओळखत नाही. ‘मग लिंबू आम्ल आहे हे हळदीनेच कसे सिद्ध कराल?’ असे विचारा. लाल केलेली पट्टी लिंबात पुन्हा पिवळी होते, हे उत्तर वर्गातूनच निघते. त्यासाठी तुम्ही दोन मिनिटे गप्प बसायचे असते, आणि तेच अवघड.

खरी मेख खाण्याच्या सोड्यात आहे. तो आम्लारिधर्मी म्हणून पट्टी लाल होईल असा अंदाज येतो, पण रंग जेमतेम नारिंगी होतो. हळदीचा रंग साधारण साडेसात ते नऊ सामूच्या (pH) दरम्यान बदलतो आणि खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू ८.३ च्या आसपास असतो. पट्टी मधेच अडकते. आता तेच द्रावण दहा मिनिटे उकळा, गार करा आणि पुन्हा पट्टी बुडवा. या वेळी ती ठळक लाल होते. उकळताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि धुण्याचा सोडा तयार होतो. एकाच पट्टीत अपघटन आणि सामू दोन्ही आले. बाजारातल्या काही हळदींत रंग मिसळलेला असतो, म्हणून पुडा आदल्या दिवशी तपासून घ्या.

प्रयोग नसलेल्या दिवशी: बोटांचे मतदान

रोज साहित्य मांडणे शक्य नसते. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून रूढ केलेली सहाध्यायी चर्चेची पद्धत त्या दिवशी कामी येते, आणि तिला खडूशिवाय काही लागत नाही. फळ्यावर चार पर्यायांचा प्रश्न लिहा. एक मिनिट शांतता. मग सगळ्यांनी एकाच वेळी, छातीशी धरून, उत्तराची बोटे दाखवायची. छातीशी अशासाठी की शेजाऱ्याला दिसू नयेत.

बरोबर उत्तरे ३० टक्क्यांहून कमी असतील तर पुन्हा शिकवा. ७० टक्क्यांहून जास्त असतील तर दोन वाक्यांत खुलासा करून पुढे जा. मधल्या पट्ट्यात असतील तर ‘वेगळे उत्तर असलेला शेजारी शोधा आणि त्याला पटवा’ असे सांगून तीन मिनिटे द्या आणि पुन्हा मतदान घ्या.

सगळे काही प्रश्नावर ठरते. ‘पाण्याचे रेणुसूत्र काय?’ हा प्रश्न इथे वाया जातो. ‘उकळत्या पाण्यातल्या मोठ्या बुडबुड्यांत काय असते: हवा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, वाफ, की उष्णता?’ हा प्रश्न दहावीचा वर्गही विभागतो. ‘खिळा पूर्ण गंजला, गंज झडला नाही, तर वजन कमी होईल, तेवढेच राहील की वाढेल?’ यावरही चांगली जुंपते.

समीकरणे: कडधान्ये आणि गोळे

स्कॉटलंडचे रसायनशास्त्र-शिक्षणतज्ज्ञ अ‍ॅलेक्स जॉनस्टोन यांनी १९९१ मध्ये दाखवले की रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालते: डोळ्यांना दिसणारे, कणांचे आणि चिन्हांचे. फळ्यावर आपण पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतो आणि मुलांचा रस नेमका तिथे सुटतो. मधली पायरी वाटाणे आणि मसुरीने भरून काढा. हायड्रोजन म्हणजे मसूर, ऑक्सिजन म्हणजे वाटाणा. मळलेल्या कणकेच्या टिपक्याने दोन मसुरी जोडल्या की हायड्रोजनचा रेणू झाला. ‘पाणी बनवा, एकही दाणा उरता कामा नये’ एवढीच सूचना द्या. समीकरण संतुलित करताना मुले पायाशी असलेला अंक बदलतात, ही नेहमीची चूक. इथे तसे करायला हातातला पाण्याचा रेणू मोडून त्याला आणखी एक वाटाणा चिकटवावा लागतो, आणि मग ते पाणी राहत नाही, हे दिसते. दाणे जुळले की वहीत गोळे काढायचे आणि त्यानंतरच चिन्हे.

आवर्तसारणीसाठी पहिल्या २० मूलद्रव्यांच्या चिठ्ठ्या करा: अणुवस्तुमान, संयुजा, अवस्था, ऑक्साइडचे सूत्र. नाव लिहू नका. एक चिठ्ठी काढून ठेवा आणि लावलेल्या मांडणीवरून तिचे गुणधर्म लिहायला लावा. मेंडेलीव्हने १८६९ च्या मांडणीत रिकाम्या जागा सोडल्या आणि १८७५ मध्ये गॅलिअम सापडले, हे सांगायची वेळ त्यानंतरची. गॅलिअमची घनता शोधकाने आधी ४.७ मोजली. मेंडेलीव्हने ती ५.९ च्या आसपास असायला हवी असे कळवले आणि पुन्हा मोजल्यावर ती ५.९ च निघाली. हे ऐकायला मागचा बाकही पुढे झुकतो.

गट

पाचांपेक्षा मोठा गट नको. कामे ठरवून द्या: साहित्य आणणे, प्रयोग करणे, नोंद, वेळ, आणि ‘कशावरून?’ असे विचारत राहणे. दर तासाला कामे फिरवा, भिंतीवर तक्ता लावा. न फिरवल्यास मिश्र वर्गात मुलगे ड्रॉपर धरतात आणि मुली सुबक अक्षरात नोंदी करतात. वर्षअखेरीस ‘मुलींना प्रयोगात रस नाही’ असा शेरा ऐकू येतो तो यातूनच.

रस खरंच वाढला का, हे कसे पाहावे

‘मजा आली का?’ विचारले तर सगळे हो म्हणतात. त्याऐवजी पाठाआधी, पाठ संपल्यावर आणि सहा आठवड्यांनी, असे तीन वेळा निनावी चिठ्ठीवर तीन विधानांना १ ते ५ गुण द्यायला सांगा: ‘या विषयाचा तास यावा असे वाटते’, ‘हे शाळेबाहेर उपयोगी आहे’, ‘न कळलेले मी स्वतः शोधू शकेन’. तिसरी वेळ सर्वांत महत्त्वाची. नवलाई संपल्यावर जो आकडा उरतो तो रसाचा. जोडीला मुलांनी न विचारता काय केले ते मोजा: तासाला आलेले ‘का’ आणि ‘जर... तर’ प्रकारचे प्रश्न, घरी पट्टी करून पाहणारे.

सुरुवातीला आकडे खाली गेले तर पद्धत सोडू नका. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरच्या २०१९ च्या अभ्यासात, सक्रिय वर्गातील विद्यार्थी जास्त शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. डोक्याला पडलेला ताण ते न कळल्याची खूण समजत होते. म्हणून पहिल्याच तासाला स्पष्ट सांगा की गोंधळायला होईल आणि ते अपेक्षित आहे. सक्रिय अध्ययनाच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो तो २०१४ मधील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा. त्यात केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होण्याची शक्यता दीडपट आढळली. पण तो पदवीच्या वर्गांचा होता आणि मोजले होते ते गुण, रस नव्हे. शाळेच्या बैठकीत तो आकडा मांडताना हे सांगायला हवे.

आठवड्याला रसायनशास्त्राचे दोन तास मिळत असतील तर पहिल्या सत्रात पंधरवड्याला एक अंदाज-प्रयोग आणि दर तासाला एकच बोटांचा प्रश्न, एवढ्यावर थांबा. फसलेला प्रत्येक प्रयोग, वापरलेले प्रमाण आणि फसण्याचे कारण प्रयोगशाळेच्या नोंदवहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो तास दुसऱ्या शिक्षकाकडे गेला तर त्याला पहिल्या दिवसापासून तयार साहित्ययादी मिळते.